खरी गोळी

शाळेत प्रार्थना संपत आली होती, तेवढ्यात जानकीवहिनीचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलली. लक्ष्मणला जाऊन आता दीड महिना होईल.

वळ गावच्या शाळेत लक्ष्मण आणि मी एका बाकावर बसायचो. मी पुढे विज्ञान शिकवू लागलो, तो जवळच्या राहनाळ गावातल्या औषधांच्या गोदामात हमाल झाला. "मुंबईची अर्धी दुखणी माझ्या पाठीवरून जातात," म्हणायचा. पन्नाशीत त्यालाच धाप लागू लागली. फुप्फुसं घट्ट होत चालली होती, आणि ते पुरतं थांबवणारं औषध कुणाकडे नव्हतं. मुंबईच्या एका रुग्णालयात नव्या गोळीची चाचणी सुरू होती. संमतीचा कागद मीच त्याला वाचून दाखवला. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं.

"म्हंजे मला पिठाची गोळी भेटंल?"

"भेटू शकते."

"आन् न्हाय म्हटलं तर?"

मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने सही केली.

वर्षभर त्याने एकही गोळी चुकवली नाही. दर महिन्याला तपासणीच्या नळीत जीव खाऊन फुंकायचा आणि दर महिन्याला आकडा खाली यायचा. एका दुपारी, धाप कमी वाटावी म्हणून खाटेवर टेबलफॅनसमोर बसून, थांबत थांबत म्हणाला, "मास्तर, मला खोटीच लागली... बरं झालं. खरी चांगली हाय. फुडच्या मानसाला भेटंल." विज्ञान शिकवणाऱ्या मला एवढा विश्वास नव्हता.

गेल्या आठवड्यात रुग्णालयाने बोलावलं. वहिनी आत यायला तयार नव्हती, मी एकटाच गेलो. चाचणी बंद केली होती. गोळीने कुणालाच फरक पडला नव्हता.

"आणि लक्ष्मणला कोणती होती?"

"खरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बहुतेक नवी औषधं इथेच संपतात, सर. आम्हीही किती वर्षं..." त्यांनी फाईल मिटली.

बाहेर वहिनी उठून उभी राहिली. "खोटीच व्हती ना, भाऊजी?"

"हो."

"मंग आता खरी देतील लोकांना?"

"देतील," मी म्हणालो.

घरी पोचल्यावर तिने दिवा लावायच्या आधी टेबलफॅन सुरू केला, आणि सवयीने त्याचं तोंड रिकाम्या खाटेकडे वळवलं.