रोहिणीसाठी आलेला विम्याचा फोन

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या पाळणाघरातली मुलं कमी झाली. मॅडम मला कामावरून काढल्याचं पत्र देत होत्या. मीच म्हटलं, "एकोणीस वर्षं पोरं सांभाळली, कागदावर काढलं असं नको. मी राजीनामा देते." मग कळलं, नोकरी गेल्यावर काही महिने पैसे देणारा बेकारी विमा राजीनामा देणाऱ्याला मिळतच नाही. खलास!

इथे आखातात, इंटरनॅशनल सिटी वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत रोहिणी राहते. तिनं पार्लरमधली नोकरी स्वतः सोडली, पण मालकाकडून "काढलं" असं लिहून घेतलं. आता रोज दुसऱ्या पार्लरमध्ये कामाला जाते आणि विम्याचे पैसेही घेते. परवा नवा मिक्सर आणला. मी तोंडभरून कौतुक केलं, पण पोटात दुखायचं ते दुखलंच.

काल म्हणाली, "मावशी, नियम कडक झालेत, विमावाले चौकशी करतात. तुमचा नंबर दिलाय. मी घरीच असते म्हणा हं."

"सांगते गं बाई, काळजी नको," मी म्हटलं.

आज अकराला फोन आला. "रोहिणी अभी काम करती है क्या?"

"हां, सुबह सात बजे ड्यूटी पे जाती है." वर पार्लरचं नावही सांगून टाकलं, कुणी विचारलं नसताना!

संध्याकाळी ती येईल आणि रोजच्यासारखा माझाही चहा टाकेल. तुम्ही म्हणाल, मावशी खरं तेच बोलल्या. पण मलाही विमा मिळत असता, तर मी खरं बोलले असते? मला नाही वाटत. तुम्ही काय केलं असतं?