मळलेल्या पायांचा सामना

शके १८५८, माघ वद्य प्रतिपदा, सकाळ. हजर: मी, आमच्या कॉलेजचा आट्यापाट्यांचा संघ, विहिरीवरची तांब्याची घागर. गैरहजर: भिंतीपलीकडच्या ट्रेनिंग कॉलेजचे इस्माईल मास्तर आणि त्यांची सगळी मंडळी.

मैदानावर चुन्याची फक्की नुकतीच पडली होती. तो ओलसर, नाकाला झोंबणारा वास आला आणि हात आपोआप थांबला. कोणासाठी आखतो आहे मी या पाट्या?

आमचे आर्ट्स कॉलेज आणि शेजारचे ट्रेनिंग कॉलेज यांच्यामध्ये हे एकच मैदान आणि ही एकच विहीर. माघात सामना व्हायचा. तो संपला की जिंकलेल्या संघाच्या मास्तरांनी पाणी शेंदून हरलेल्या संघाच्या मास्तरांच्या पायांवर घालायचे, अशी रीत. ती कोणी घातली, ठाऊक नाही. पण घालणारा शहाणा असला पाहिजे, कारण घागर उचलायची तर जिंकलेल्यालाही वाकावेच लागते!

गेल्या माघातल्या, शेवटच्या सामन्यात दिवस मावळला तरी गुण सारखेच राहिले. इस्माईल मास्तर विहिरीच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी पाय पुढे केले.

“घाला पाणी, भाऊसाहेब. तुमची पोरं आज वाऱ्यासारखी पळाली.”

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि माझेही पाय पुढे केले. “छे, छे! तुमच्या पोरांनी आमची कोंडी केली. उठा, घ्या घागर.”

“हरलेला माणूस कसा उठेल हो?”

“अहो, दोन्ही मास्तर हरले, मग जिंकलं कोण?” मागून कोणीतरी ओरडले, आणि सारे मैदान हसले. घागर कोरडीच राहिली. पुढच्या माघात बघू, असे ठरवून आम्ही धुळीच्या पायांनी आपापल्या घरी गेलो. सौजन्याचा एवढा हट्ट कशाला धरला आम्ही? पुढचा माघ आपल्या मालकीचा आहे, असे कोणी सांगितले होते?

उन्हाळ्यात ट्रेनिंग कॉलेज बंद झाले. इस्माईल मास्तर सिन्नरला परतले आणि भावाच्या हातमागावर विणायला बसले. परवा तिकडच्या मोटारीच्या ड्रायव्हरने निरोप आणला: “मास्तर विचारत होते, भाऊसाहेबांनी पाय धुतले का?”

तेव्हापासून मी घागरीकडे बघतो आहे. ती भरून सिन्नरला न्यावी, तर मी जिंकलो असे होईल. ज्याचे कॉलेज गेले, मैदान गेले, पोरे गेली, त्याला सामनाही तूच हरलास, हे कोणत्या तोंडाने सांगू?

आज आमच्याच मुलांचे दोन भाग करून खेळ उरकला. पाट्या पुसल्या, घागर पालथी घातली. सगळे जागच्या जागी लागले. चुन्याचा वास तेवढा बोटांना राहिला आहे.

एक काम बाकी आहे. सिन्नरची मोटार पकडायची, वेशीपासून धूळ तुडवत पायी जायचे आणि त्यांच्या दारात, न धुतलेले पाय पुढे करून बसायचे.