पुढच्या डिफरन्शियलची तार

पुढच्या डिफरन्शियलच्या सेन्सरची तार मेकॅनिकनं कापली, तेव्हा पक्कड मी त्याच्या हातात दिली होती. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे, आणि हा गृहस्थ बाजूला उभा राहून बोट दाखवतोय असं कुणाला वाटायला नको.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. फोर व्हील ड्राइव्हची जुनी पिकअप, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. दादा फौजेत ड्रायव्हर होता. निवृत्त झाल्यावर तो जतच्या पूर्वेला आमच्या वाडीवर मेंढरं आणि थोडी ज्वारी घेऊन बसला. मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहे. तिथं माझं काम मोजण्याचं. भट्टीचं तापमान, तेलाचं तापमान, दर तासाला नोंद.

वाडीपासून डांबरी रस्ता सहा किलोमीटर. मधे एक ओढा आणि दोन ठिकाणी नुसता खडक. त्या वाटेनं दादाच्या पिकअपशिवाय दुसरी गाडी निघत नाही. एरवी तेही चाललं असतं. पण साखरेच्या आजारानं वहिनीचा डावा डोळा गेल्यात जमा झाला, आणि उजव्याच्या पडद्यावर सूज आली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन, एकही चुकवायचं नाही. म्हणजे हिशेब सरळ होता. एक डोळा आणि एक गाडी.

त्या पावसाळ्यात ओढ्याचं पाणी शिरून मागच्या डिफरन्शियलचं, म्हणजे दोन चाकांच्या मधल्या दात्यांच्या पेटीचं, तेल ताकासारखं पांढरं झालं होतं. नशिबानं वेळेत लक्षात आलं. तेव्हा मी ठरवलं की नशिबावर हे सोडायचं नाही. आमच्या कारखान्यात तेलाचं तापमान मोजायला वापरतात तसले दोन सेन्सर आणले, एक पुढच्या डिफरन्शियलला, एक मागच्या. त्यांचे आकडे दाखवणारे दोन डबे डॅशबोर्डवर बसवले. तेल कमी झालं, पाण्यानं खराब झालं किंवा आतलं काही घासायला लागलं की तापमान चढतं. आधी आकडा बोलतो, मग गाडी.

दादाला हसू आलं. "अरं, गाडी हाय का दवाखाना? तुझी वहिनी एक आजारी, आता गाडीच्याबी काखंत थर्मामीटर."

"दादा, नुसतं बघत जा."

"बघायला तू हाईस की. मी रस्ता बघतो."

आणि खरंच तसंच झालं. मिरजेच्या फेरीला मी रजा काढून आदल्या दिवशी वाडीवर जायचो. सकाळी दादा स्टिअरिंगवर, वहिनी मधे मांडीवर फाइल घेऊन, आणि मी दाराशी वही घेऊन. वाडीची वाट संपली की एकदा, मग दर दहा किलोमीटरला दोन्ही आकडे लिहायचो.

आकडे विचित्र होते. ओढा, खडक, चढ या सगळ्यात मागचा बहात्तर, पुढचा अडुसष्ट. ठीक. डांबरीला लागून तासभर झाला की मागचा शहाण्णव आणि पुढचा एकशे चौदा. एकदा नाही, तिन्ही फेऱ्यांना. वाईट रस्त्यावर थंड आणि चांगल्या रस्त्यावर गरम! त्यातही पुढचा गरम! डांबरीवर गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. पुढच्या डिफरन्शियलला तेव्हा काही काम नसतं, ते नुसतं फिरतं. त्यानं साठच्या वर जायचं कारण नाही.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं दादाचा ठरलेला मेकॅनिक आहे. त्याला वही दाखवली. त्यानं वहीकडं पाहिलंही नाही.

"साहेब, डांबरीवर पुढचा तापंल कशाला? सेन्सर गेलाय तुमचा."

दादा म्हणाला, "मी तेच म्हणतोय. घड्याळालाच ताप आलाय."

मी म्हणालो, "हो, बरोबर आहे." आणि पक्कड दिली.

त्यानं तार कापली, वर काळी टेप गुंडाळली, सेन्सर काढून माझ्या हातात ठेवला आणि भोकात बूच मारलं. तेल किती आहे ते बघितलं नाही. मी बघ म्हणालो नाही. आमच्या कारखान्यात नियम आहे, आणि तो मी नव्या लोकांना स्वतः शिकवतो. सेन्सरचा आकडा पटत नसेल तर त्याला आधी उकळत्या पाण्यात धरायचं, मगच तो खोटा म्हणायचं. दहा मिनिटांचं काम. गॅरेजला लागून चहाचा गाडा होता, त्यावर पाणी उकळत होतं. मी तिथं चहा प्यायलो.

पुढच्या महिन्यात कवठे महांकाळच्या अलीकडं, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, खालून चक्कीत खडा सापडल्यासारखा आवाज आला. मग जळक्या तेलाचा वास. दादानं ब्रेक दाबायच्या आत गाडी पुढची चाकं घासत रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. दादा उतरला, खाली वाकला, आणि पुढच्या डिफरन्शियलला तळहात लावला. फौजेतली सवय. तळव्याला जागच्या जागी फोड आला. तापून सील गेलं होतं, तेल कधीच गळून गेलं होतं, आतले दाते एकमेकांत अडकले होते.

"न्यूट्रल करून ढकलून बघू," असं म्हणून दादानं आत हात घालून घोंगडी बाजूला केली.

ती घोंगडी आमच्या वडिलांची. दादा ती कायम दोन्ही सीटच्या मधे, चारही चाकं जोडणाऱ्या फोर व्हीलच्या लहान दांड्यावर घडी करून टाकायचा. दांडा थरथरून आवाज करतो म्हणून. आमच्यात थोरल्याच्या घोंगडीला धाकटा उगीच हात लावत नाही, तिला पाय लागला तर पाया पडतो. मी तिला कधी हात लावला नव्हता. डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा हिरवा दिवा गाडी घेतली तेव्हापासूनच जळालेला होता.

घोंगडीखालचा दांडा पुढं होता. फोर व्हीलमध्ये.

"दादा, हा असा कधीपासून आहे?"

"कवापासून म्हंजे? असाच असतोय."

"डांबरीवर पण?"

"मग? चार बैल दावणीला असताना दोनच जुंपायची व्हय? वर आमी सहा-सहा म्हैने दांडा मागं घेत नव्हतो."

वर म्हणजे बर्फात. बर्फात चाक घसरतं, म्हणून चालतं. मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, ओरडायला लागलो. मळणीला मधल्या खांबाभोवती, तिवड्याभोवती, बैल फिरतात तेव्हा आतल्याची पावलं लहान आणि बाहेरच्याची मोठी पडतात, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. वळणावर चाकांचंही तेच. पुढची दोन जास्त चालतात, मागची दोन कमी. तू पुढची आणि मागची एकत्र जखडलीस. माती, खडी असेल तर एखादं चाक घसरून जुळवून घेतं. डांबर घसरू देत नाही. मग ती सगळी ओढाताण दात्यांवर जाते आणि तेल तापतं. सेन्सर तेच सांगत होता! तीन महिने!

"मग तू का न्हाई सांगितलंस?" दादाही तापला. "वही तुझ्याकडं. शिकलेला तू. सतरा वर्षं गाडी चालवलीय मी, डोंगरात, एकदाबी..."

"तू विचारू देतोस?"

"तू इचारलंस कवा?"

वहिनी गाडीतच बसून होती. फाइल तशीच मांडीवर. ती म्हणाली, "तो दांडका कायम पुढंच असतोय. माझ्या गुडघ्याला लागतोय की दर खेपंला."

मी वाकून गाडीत बघितलं.

"वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"भाऊजी, तुमी आकडं लिवत हुता. ह्ये गाडी हाकत हुते. मला कुणी इचारलं?"

मग एसटीची वाट बघणं आलं. पहिली थांबली नाही, इतकी भरलेली होती. दुसरीनं आम्ही मिरजेला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. त्या दवाखान्यात ही इंजेक्शनं महिन्यातून दोनच दिवस देतात आणि त्या दिवसाची यादी एकला संपली होती. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंचा काही दोष नाही. पुढची तारीख सोळा दिवसांनी मिळाली. परतताना एसटीत दादा हाताला रुमाल बांधून खिडकीशी बसला, मी मागच्या सीटवर.

साताऱ्याला आल्यावर मी सेन्सर बॅगेतून काढला, ओट्यावर पातेल्यात पाणी उकळलं आणि त्याला आत धरलं. कारखान्यातून आणलेल्या दुसऱ्या डब्याचा जोड दिला. आकडा चढत चढत अठ्ठ्याण्णववर थांबला आणि हलला नाही. साताऱ्याच्या उंचीवर पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. त्यात एका अंशाचीही चूक नव्हती. बायको म्हणाली, "आता बघून काय उपयोग?" मी पातेलं मोरीत आदळलं. त्याला पोचा आला आहे. ते पातेलं आम्ही अजून वापरतो.

मला मेकॅनिकचा राग येतो. त्यानं जे पटलं नाही ते कापून टाकलं आणि वर टेप लावली. दादाचा राग येतो, एकाच रस्त्याची सवय सगळ्या रस्त्यांवर चालवल्याबद्दल. पण त्यांनी मोजलं नव्हतं. मी मोजलं होतं. माझ्या अक्षरात, तारखेसह, तीन फेऱ्या. आकडा म्हणत होता की पुढची चाकं ओढतायत. आणि दादा चुकणार नाही हे आधीच धरून मी आकडा खोटा ठरवला. कारखान्यात हे कुणी केलं असतं तर मी त्याला जाब विचारायला उभा केला असता.

सोळा दिवसांनी इंजेक्शन झालं. आधी वहिनी डोळे तपासायच्या तक्त्यावरची पाचवी ओळ वाचायची. त्या दिवशी तिसरी. त्यानंतर चार इंजेक्शनं झाली, तिसरीच आहे. उशिरामुळं असं झालं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, आजारच तसा आहे. भल्या माणसानं सांगितलेलं हे उत्तर मला त्या मेकॅनिकच्या टेपपेक्षा जास्त छळतं. याचा आकडा कुठं मिळत नाही.

गाडी दुरुस्त झाली. नवी तार मी स्वतः ओढली. वहिनीला दिसावेत म्हणून डबे बदलून मोठ्या अंकांचे बसवले. घोंगडी आता सीटच्या मागं असते. दादानं ती स्वतः तिकडं ठेवली. डांबरी लागली की वहिनी म्हणते, "आवं, दांडका." दादा दांडा मागं घेतो. मग ती आकडे वाचते आणि मी लिहितो. हे काम तिनं मागून घेतलं.

गेल्या फेरीला कवठे महांकाळ मागं टाकल्यावर ती डब्याकडं वाकली, मान थोडी वाकडी केली, वेळ घेतला.

"पुढचा अठ्ठावन्न."

दादा म्हणाला, "झ्याक."

मी डब्याकडं बघितलं. त्रेपन्न होता. ती माझ्याकडं बघत होती, पेन चालतंय का ते. मी वहीत त्रेपन्न लिहिलं आणि "अठ्ठावन्न," असं मोठ्यानं म्हणालो.