जागेश्वरच्या छातीतल्या गाठी

भंडाऱ्यात पाणी भरायचे पितळेचे गुंड घडवणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आमचा शेजारी जागेश्वर त्यांतला एक, आणि हट्टात पहिला. गिऱ्हाइकानं गळका गुंड डाग द्यायला आणला की टिचकी मारून तो सांगायचा, चीर कुठं आहे. सहसा चुकायचा नाही. त्यामुळे जगातली सगळी परीक्षा टिचकीवर होते, असा त्याचा समज.

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा त्याची बायको, उषावहिनी, त्याला ओढतच नागपूरला घेऊन गेल्या. मी सोबत होतो. उजव्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. दोन फुप्फुसांच्या मधल्या गाठींत रोग पोचलाय का, ते आधी सुईनं तुकडा काढून पाहू. साफ असतील तर ऑपरेशन. नसतील तर औषधं आणि किरणं. मग छाती फाडून उपयोग नाही.

"सुई नाही," जागेश्वर म्हणाला. "सुई लागली का बिमारी भडकते. चांगल्या गुंडाले भोक पाडून पायते का कोनी? वाजवून पायते."

"तुमची छाती गुंड नाही," बाई म्हणाल्या.

हा उठून बाहेर! वहिनी त्याच्या पाया पडल्या. मी चार शब्द सुनावले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दुसऱ्या दवाखान्यातले डॉक्टर तयार झाले: छाती उघडल्यावर आधी गाठी तपासू, मग पुढचं ठरवू. जागेश्वरनं त्यातलं 'उघडल्यावर' एवढंच ऐकलं.

"एकदाचं काढून टाका," तो खुशीत म्हणाला.

ऑपरेशन फारच लवकर संपलं. वहिनींना आनंद झाला. मी डॉक्टरांना गाठलं. मधल्या बऱ्याच गाठींत रोग होता. डॉक्टरांनी फुप्फुस तसंच ठेवून छाती शिवली होती. आणि आता जखम भरेपर्यंत औषधही सुरू करता येणार नव्हतं.

जखम भरेना. पू झाला, ताप हटेना. खोकला आला की टाके दाबून तो कळवळायचा. त्याच्यावरचा माझा राग कधीच गेला होता, नुसती भीती उरली होती.

एका दुपारी त्यानं वहिनींना विचारलं, "खरं सांग. काढलं नाही ना?"

"नाही जी."

"सुईनं पायलं असतं त फाडा लागलं नसतं?"

"नसतं."

"औषध सुरू झालं असतं?"

वहिनींनी मान डोलावली.

"मंग आता सांग त्याइले. जखम राहू द्या म्हना, औषध द्या. मले मरायचं नाही वं, उषे."

वहिनी धावतच डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी सकाळचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. एवढ्या तापात औषध दिलं तर औषधानंच जाईल, म्हणाले.

वहिनी परत आल्या आणि खोलीच्या दाराबाहेरच भिंतीला टेकून खाली बसल्या. आत जायची त्यांची छाती होईना. आतून तो हाका मारत होता, "उषे, काय म्हनले? उषे, कवा देते म्हनले?"