स्विच बंद?

अंधेरीत आमच्या बिल्डिंगमागे, बंद पडलेल्या कॉलेजच्या आवारात एक जुनं प्रशिक्षणाचं विमान उभं आहे. ते भंगारात जाऊ नये म्हणून झटणारे पाच जण होते. आता एकच काका दर रविवारी येतात. इंजिन गंजून अडकू नये म्हणून पुढचा पंखा हाताने फिरवतात. स्विच चालू राहिला असेल तर इंजिन अचानक सुरू होऊन पंखा हात तोडू शकतो, म्हणून आधी पंख्यापाशी उभं राहून विचारतात, "स्विच बंद?" मग वळसा घालून पायलटच्या खिडकीत डोकावतात, "बंद," असं स्वतःच सांगतात आणि परत येतात.

एकदा मी गॅलरीतूनच म्हणालो, "बंदच आहे, काका."

"तिथून दिसतं का तुला? खाली ये, बघ, मग सांग."

"आलो," म्हणालो आणि चहा घेत बसलो. अर्ध्या तासाने पाहिलं, तर ते पंख्याला हात न लावता तसेच उभे होते.