तीन नंबरची पिन

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या साऱ्या टापूत आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका चिडका माणूस झाला नाही, आणि चिडायला त्यांच्याइतकं सबळ कारणही कुणाला मिळालं नाही. मूळचे चाकणकडचे शेतकरी, आमच्या कंपनीत इन्स्पेक्शनला फोरमन. खिशात कायम मायक्रोमीटर. त्याने ते बसचं तिकीट मोजत, पिंपरी कॅम्पात कापड मोजत आणि घरी भाकरीसुद्धा मोजत. एकदा भाकरीच्या कडा सारख्या नाहीत म्हणून गरजले, तेव्हा वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "अवो, मग धाडा ती जर्मनीला पास करायला. तवर उपाशी बसा."

ही जर्मनीच त्यांचं खरं दुखणं. आम्ही गाड्यांचे गिअरबॉक्स बनवत असू. पश्चिम जर्मनीतल्या एका कंपनीशी कोलॅबरेशन होतं; म्हणजे यंत्रं त्यांची, ड्रॉइंग त्यांची, आणि इथे घडवलेला प्रत्येक भाग त्यांनी पास केल्याशिवाय वापरायचा नाही. तोवर तो तिकडूनच मागवायचा! मी इम्पोर्ट विभागात असल्यामुळे त्यासंबंधीची पत्रं माझ्या हातून जात. एक बोटभर पोलादी पिन इथेच घडवायला शेजाऱ्यांनी दोन वर्षं घातली होती. नमुने दोनदा गेले आणि दोनदा एकच ओळ आली: फिनिश समाधानकारक नाही. "फिनिश म्हंजी काय? माप सांगा की! राव, डबा तरी उघडला का त्यांनी?" असं ते जिन्यातच ओरडले आणि खालची बिऱ्हाडं दारात आली. मी हसलो खरा, पण मनातून मीही जळफळत होतो.

तिसऱ्या खेपेला नंबर घातलेल्या पाच पिना त्यांनी स्वतः बांधून दिल्या. उत्तर आलं. चार पास, तीन नंबरची नापास. भारतीय कारागिरांना अजून बरंच शिकायचं आहे, असा वर उपदेश. पत्र ऐकून ते माझ्या टेबलासमोर बसले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, "तीन नंबरची त्यांचीच हाय. तिच्यावरला जर्मन शिक्का म्याच घासून काढला व्हता."

मी ताडकन उठलो. "चला, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे!"

बसमध्ये खिडकीसाठी भांडणारा हा गृहस्थ पत्राची घडी घालत राहिला. "आन् मंग? लबाडी केली म्हनून माज्या चारी परत धाडतील. न्हाई राव. आपली पिन गाडीला लागू द्या."

पिन लागली. तिची आयात बंद झाली. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही, मलाही सांगू दिली नाही.

निवृत्त व्हायच्या वर्षी कंपनीच्या वर्धापनदिनाला ते माझ्या शेजारी बसले होते. मोठे साहेब भाषणात म्हणाले, अचूकपणा आपल्याला जर्मन मित्रांनी शिकवला. आणि उदाहरण कशाचं द्यावं, तर त्याच पिनेचं! ती कुणी घडवली हे त्यांच्या गावीही नव्हतं. माझं डोकं असं तापलं की मी बोलायला उठलोच. शेजाऱ्यांनी माझा हात धरून मला खाली ओढलं.

"बसा राव. गाड्या पळत्यात न्हवं?"

मग सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. माझे हात काही उचलले गेले नाहीत.