गाडी बंद करायची नाही

गाडी घेताना विकणारा म्हणाला होता, मॅडम, ही हायब्रीड आहे, हिला दोन बॅटऱ्या आहेत. मी निर्धास्त झाले. शाळेत मी विज्ञान शिकवते, विद्युतघटाची आकृती डोळे मिटून काढते. त्यामुळे पुढे मेकॅनिकने बॅटरी बदला म्हणून दोनदा सांगितलं, तरी मी ते काही मनावर घेतलं नाही.

त्या रविवारी आई आणि मी नांदेडहून लातूरला निघालो होतो. माझी लेक तिथे हॉस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या प्रवेशाचे क्लास करत होती. महिन्यातला एकच रविवार भेटीचा, आत एकालाच पास आणि ठीक एकला फाटक बंद. आठवड्यापूर्वी ती फोनवर रडून म्हणाली होती, "मला घेऊन जा." तिने राहावं म्हणून मी चांगलं मुद्देसूद भाषण तयार केलं होतं.

चाकूरला चहासाठी थांबलो. आई उतरली नाही. भूकंपात किल्लारीजवळच्या गावातलं आमचं घर तिच्या अंगावर आलं होतं, शेजाऱ्यांनी तिला मातीतून ओढून काढलं. तेव्हापासून तिने परक्या स्लॅबखाली पाऊल ठेवलेलं नाही. नांदेडलाही ती मागच्या पत्र्याच्या खोलीत झोपते. लग्नाला गेली तर कार्यालयाच्या बाहेर बसून अक्षता टाकते. गाडी मात्र तिला मान्य, कारण वर पत्रा. मी तिला चावी फिरवून पंखा आणि रेडिओ लावून दिला आणि आत गेले. तिथे जुन्या शाळेतल्या बाई भेटल्या, बदल्यांचा विषय निघाला. शिक्षकांचा हा विषय एका चहात संपत नाही.

पाऊण तासाने येऊन चावी फिरवली तर नुसतं टक. पुन्हा टक. समोरचे दिवे मिणमिणत होते. दुसरी बॅटरी फक्त चालत्या गाडीला हात देते, हे मला तेव्हा कळलं. रेडिओ मगाशीच थकून गप्प झाला होता, असं आईनेच सांगितलं, तक्रारीच्या सुरात.

माणसं जमली. मी सगळ्यांना समजावलं की ही हायब्रीड आहे, ढकलून चालत नसते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान डोलावली. हायब्रीड ज्वारीतही दम नसतो म्हणे. शेजारच्या टेम्पोचा ड्रायव्हर खिडकीतून आत डोकावला आणि गिअरच्या दांड्याकडे बघून म्हणाला, "ताई, गेरची हाय ना? मग ढकलली की चालती. सेकंडात टाका."

आईला उतरायला सांगितलं, तर ती म्हणाली, मी उतरले आन गाडी चालू झाली तर तू मला इथंच सोडून जाशील. मग तिच्यासकट सहा जणांनी ढकलली. मी एकदा क्लच लवकर सोडला, एकदा सोडलाच नाही. तिसऱ्या वेळी गाडीने गचका खाल्ला आणि सुरू झाली. टेम्पोवाला मागून ओरडला, लातूरपर्यंत बंद करायची नाही.

आता या गाडीची खोड अशी की पेट्रोल वाचवायला ती चौकात उभी राहिली की आपणहून बंद होते. बॅटरी उतरलेली असली की तसं करत नाही, असं पुस्तकात लिहिलंय. पण त्या दिवशी माझा पुस्तकावरचा विश्वास उडाला होता. लातूरपर्यंत मी एकाही चौकात धड थांबले नाही. लोकांनी जे काही म्हटलं ते मी ऐकलं.

एकला दहा कमी असताना हॉस्टेलच्या गल्लीत शिरलो. गल्ली बोळासारखी, पालकांच्या गाड्यांनी गच्च. वॉचमन शिट्टी फुंकून पुढे चला, पुढे चला म्हणत होता. इथे गाडी बंद पडली असती तर अख्खी गल्ली अडली असती. मागून हॉर्न सुरू झाले आणि मला रडू यायला लागलं.

"मी जाते," आई म्हणाली.

"आई, तीन मजली आहे."

"मला दिसतंय की."

तिने पदर डोक्यावर ओढून घेतला, जसा काही पदराने स्लॅब अडणार होता, आणि आत गेली.

मी गल्लीला चकरा मारत राहिले. दुसऱ्या चकरेला वॉचमन ओळखीचं हसला. चौथ्या चकरेला फाटक लागलं होतं आणि आई आतच होती. तिला भोवळ आली असणार, मीच तिला पाठवली, असं मनात घोळत राहिलं. सहाव्या चकरेला ती फाटकाबाहेर उभी दिसली. चालत्या गाडीत चढल्यासारखीच चढली.

इतका वेळ काय करत होतीस, मी विचारलं.

"हातपाय लई थरथरत व्हते. तिच्या खाटंवर निजले. तिनंच हात धरून ठिवला."

"आणि ती? घरी यायचं म्हणाली?"

"न्हाई. म्हणली, आजी, तू इथं आत आलीस, आता मी बी ऱ्हाते."

माझं भाषण माझ्यापाशीच राहिलं. गाडी बाजूला घेऊन पोटभर रडावंसं वाटत होतं, पण थांबायची सोय नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत गल्लीतून बाहेर पडले, आणि गाडी हाकतच चाकूरपर्यंत रडले.